गज न घातलेली बंदूक

बाबा, तुम्ही गेलात त्या वयाहून आता मी मोठी झाले आहे, म्हणून एकदा तोंड उघडते, कागदावर का होईना. फोंडाघाटातली आपली पडवी अजून डोळ्यांसमोर आहे. ठासणीच्या बंदुकीची नळी आणि घोडा घाटावरून एस.टी.ने सुटे यायचे आणि तुम्ही शिसवीचा दस्ता घडवून त्यांची बंदूक करायचात. भातात डुकरं घुसली की लोकांना तुमची आठवण. तुमचा नियम असा, की बंदूक आधी तुम्ही खांद्याला लावून उडवणार, मगच ती गिऱ्हाइकाकडे जाणार. आणि बार भरण्याआधी नळीत गज सोडून ती रिकामी आहे ना, हे बघणार.

त्या दिवशी शेजारच्या वाडीतला शेतकरी तडकलेल्या दस्त्याची जुनी बंदूक घेऊन आला. "रवळनाथाची आण, रिकामी आसा," म्हणाला. तुम्ही नवा दस्ता बसवलात आणि उडवून बघायला दारू ठासायला घेतलीत. मी गज पुढे केला, तर माझ्यावरच डाफरलात, "देवाची आण घातल्यान मा तेना? मगे गज कित्याक?" बिचारा खोटं बोलला नव्हता. भावाने डुकरासाठी बार भरून ठेवलाय, हे त्याच्या गावीही नव्हतं. दुप्पट बाराने नळी फाटली आणि तुमच्या डाव्या हाताची बोटं गेली.

मग तुम्ही बसून सांगायचात आणि मी कानस चालवायची. वर्षभराने एक दस्ता जमला. तुम्ही त्यावरून अंगठा फिरवताय, म्हणताय, "नाव ठेवूक जागा नाय गो." मला वाटतं, आता धंदा तगेल. तेवढ्यात तुम्ही बंदूक उचलायला जाता आणि नळी खाली झुकते. मी म्हणते, "बाबा, मी उडयतंय." "नाय. माज्या खांद्यार उडल्याशिवाय ती भायर जावची नाय." ती गेलीच नाही. तुम्ही भिंतीकडे तोंड करून पडलात, ते शेवटपर्यंत.

तो शेतकरी नारळ घेऊन यायचा, रडायचा. त्याच्यासाठी मात्र तुम्ही उठून बसायचात. "तुजो काय दोष?" म्हणायचात. लोक तुम्हांला देवमाणूस म्हणत. मला त्याचा राग नाही, रवळनाथाचाही नाही. तुमचा आहे, बाबा, अजून आहे. परक्याच्या शब्दाला मान दिलात आणि घरातल्या पोरीचा शब्द दोन्ही वेळा परतवलात. हे तुमच्यासमोर बोलायची माझी छाती नव्हती. आज वाचायला तुम्ही नाही, तरी मघाशी 'राग' हा शब्द मी एकदा खोडला होता, मग पुन्हा लिहिला.