वरच्या खणाचे कुलूप

लायडन, रविवार

आदरणीय बाबा,
सविनय जय भीम.

परवा व्हिडिओ कॉलवर आमच्या स्वयंपाकघरातला बार पाहिल्यापासून तुम्ही इकडे येण्याच्या तिकिटाचा विषयच काढला नाहीत, म्हणून सविस्तर लिहिते.

प्रथम हे, की त्यात दारूचा थेंबही नाही. तुमचे जावई धम्मपाल यांनी दारू सोडून चौदा महिने झाले. मित्रांत बसताना त्यांचा हात रिकामा राहू नये, म्हणून हा बार मांडला. आल्याचे, लिंबाचे, पुदिन्याचे सरबत. आणि वरच्या कुलूपबंद खणात गांजाच्या अर्काची लहानशी बाटली. अर्क ड्रॉपरने मोजून सरबतात घालायचा. परिणाम तासा-दीड तासाने जाणवतो, म्हणून घाईने दुसरा पेला घ्यायचा नाही. प्रत्येक पेल्यावर मी वेळेची चिठ्ठी लावत असे. या शास्त्रशुद्ध पद्धतीचा मला अभिमानच होता.

आज सकाळी वंदनेत धम्मपाल पाचव्या शीलापाशी, मादक पदार्थांपासून दूर राहण्याच्या शीलापाशी, थांबले. म्हणाले, "समता, यात दारू नाही हे खरं. मग मी दीड तास घड्याळाकडे बघत कशाची वाट पाहतो?"

मी उठून वरचा खण उघडला. अर्क आम्ही दोघांनी मिळून टाकून दिला. बार मात्र ठेवला आहे. मित्र येतील, सरबत पितील, यांची थट्टाही करतील.

तुमचा गुडघा कसा आहे? आई अजून एकटीच पाणी भरते का?

बाबा, तिकीट काढा. येताना चिपळूणची आमसुले आणा. वरचा खण रिकामा आहे, आणि त्याचे कुलूप मी काढून ठेवले आहे.

तुमची लेक,
समता