न उघडलेले अंक

आई, तुझी पत्र्याची पेटी अखेर मी उघडली. तू गेल्यावर ती बरीच वर्षं शिरूरच्या घरात माळ्यावर होती. मी दौंडला राहायला आले तेव्हा माझ्याबरोबर इकडं आली आणि इथंही दिवाणाखाली तशीच पडून राहिली. किल्ली माझ्याकडंच होती, पण उघडावीशी कधी वाटली नाही, कारण आत काय आहे ते मला ठाऊक होतं. वरती दादानं वाचून वाचून खिळखिळी केलेली कॉमिक्स, आणि त्याखाली, तुझ्या जुन्या सुती लुगड्यात गुंडाळलेली, कुणीच न वाचलेली.

पेटी उघडली ती तुझ्या नातीमुळं. ती आता पुण्यात नोकरी करते. तिच्या ऑफिसात एकाला जुनी कॉमिक्स जमवायचा नाद आहे, त्यानं तिला फोनवर एक लिलाव दाखवला आणि तिनं मला. आपण ज्यासाठी चिल्लर मोजायचो, त्या एकेका अंकाला लोक माझ्या महिन्याच्या पगाराएवढी बोली लावत होते. दर वर्षी भाव चढतोच आहे म्हणे. "मम्मी, आज्जीकडं हेच होतं ना, घोड्यावरून टपाल नेणाऱ्या माणसाचं?" तिनं विचारलं. मी व्हय म्हणाले. एवढंच तिला माहीत होतं. मामा लहानपणी गेला हे माहीत होतं, पण पेटीचं बाकी काही मी कधी सांगितलं नव्हतं.

आपण तेव्हा दौंडला स्टेशनजवळच्या खोलीत राहायचो. आप्पा एसटीत कंडक्टर. दादा सहावीत, मी दुसरीत. महिन्यातून एकदा स्टेशनवरच्या बुकस्टॉलवर तो अंक यायचा. निळ्या कोटातला माणूस डोंगर ओलांडून पत्रं पोचवायचा, आणि नेमका कड्यावर अडकला की पानं संपायची. दादा पालथा पडून वाचायचा, मग मला सगळे आवाज काढून वाचून दाखवायचा, घोड्याचासुद्धा. त्याला कावीळ झाली आणि ती पोटात उतरली. दवाखान्यातल्या कॉटवर त्याचे डोळे हळदीसारखे दिसतात, आणि तो तुला म्हणतोय, "आई, नवा अंक आला आसंल. बघून ये ना." तू गेलीस. आला नव्हता. तू रिकाम्या हातानं परत आलीस तेव्हा तो झोपला होता, आणि दुसऱ्या दिवशी तो राहिला नाही. अंक नंतर आला. तू जाऊन तो घेतलास, घरी आणलास आणि पेटीत ठेवलास.

पुढं आप्पांची बदली शिरूर डेपोला झाली. शिरूरला ते मासिक मिळत नव्हतं. मग तू दर महिन्याला एसटीनं दौंडला जायला लागलीस. आप्पा एकदाच बोलले. "कशाला जातीस? वाचनार कोन हाय?" तू चुलीपुढं बसून म्हणालीस, "येतंय तवर आनायचं." त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही. उलट त्या गाडीवरच्या कंडक्टरला सांगून तुला खिडकीची जागा धरून ठेवायचे. हे तुला कळत होतं का, ते मला आजही माहीत नाही.

मी तिसरीत गेले आणि तू मला बरोबर न्यायला लागलीस. त्यातली पहिली खेप मला अजून जशीच्या तशी आठवते. तू फलाटाचं तिकीट काढतेस, मी तुझा पदर धरून चालते. स्टॉलवाले काका जाड भिंगांचा चष्मा लावून बसलेले. तुला बघताच त्यांनी खालून अंक काढला. "या वहिनी. बाजूला ठिवलाय. पोरगं लई नादी दिसतंय वाचायचं."

"व्हय," तू म्हणालीस.

"कितवीत हाय आता?"

"सातवीत."

"हुशार आसंल."

"हाय. गनितात जरा कच्चा हाय."

मी तुझ्या तोंडाकडं बघत राहिले. तू पैसे दिलेस, अंक पिशवीत उभा ठेवलास, न दुमडता. परतीच्या गाडीत भीमेच्या पुलावर आल्यावर मी विचारलं, "आई, दादा सातवीत हाय?" तू खिडकीबाहेर बघत होतीस. तिकडंच बघत म्हणालीस, "आसता."

मी पुन्हा विचारलं नाही. काका मात्र दर वर्षी विचारत राहिले आणि दादा वरच्या वर्गात जात राहिला. एका वर्षी त्याला चष्मा लागला. दहावीला तू त्याला बासष्ट टक्के दिलेस, जास्त नाही. मग आयटीआयला घातलंस. तू बोलायचीस ते सहज, घरचं कुणी बोलावं तसं. त्या स्टॉलपाशी तू जितकी बोलायचीस, तितकी घरात बोलत नव्हतीस.

चौथीत असताना एकदा मी पेटी उघडी बघून न वाचलेल्यातला एक अंक काढला होता. तू भाकरी थापत होतीस. ओरडली नाहीस. हाताला पीठ होतं म्हणून अंकाला हात लावला नाहीस, नुसती जवळ येऊन उभी राहिलीस. "ठिव बाई. घडी मोडंल. त्यानं अजून वाचलं न्हाई." मी ठेवला. तोवर तव्यावरची भाकरी करपली आणि ती तू स्वतःच्या ताटात घेतलीस. त्यानंतर मी त्या पेटीला हात लावला तो आता, या वयात.

पुण्याहून एक गृहस्थ रविवारी बघायला आले. अंक जमवणारे आणि लिलावाला लावणारे. पांढरे सुती हातमोजे घालून त्यांनी आधी दादाचे अंक चाळले. त्यावर त्याचं नाव गिरवलेलं, घोड्याला मिशा काढलेल्या, कव्हरं निघालेली. "यांना बाजार नाही, ताई," ते हळू आवाजात म्हणाले. मग लुगडं सोडलं आणि ते थांबलेच. एकेक अंक तिरपा धरून उजेडात बघू लागले. पिनांना गंज नाही, पाठीवर एक सुरकुती नाही. "हे कुणी उघडलेलेच नाहीत. घेतले आणि वाचले नाहीत, असं कसं?"

मी त्यांना सांगितलं, आई. दवाखाना, एसटी, सगळं. बाहेरच्या माणसाला पहिल्यांदाच. लेक शेजारी बसून ऐकत होती, तीही पहिल्यांदाच. त्या गृहस्थांनी हातमोजे काढून मांडीवर ठेवले. माणूस वाईट नव्हता, त्यांचे डोळे भरले होते. मग म्हणाले, "राग मानू नका. ही हकीकत अंकांसोबत छापली तर बोली खूप वर जाईल. घेणाऱ्यांना अशी गोष्ट हवी असते."

मला त्या चष्मेवाल्या काकांची आठवण झाली. इतकी वर्षं त्यांना तू जे कळू दिलं नाहीस, ते मी अनोळखी लोकांना छापून वाटणार होते, आणि तेही भाव वाढावा म्हणून. "नको," मी म्हणाले. "नुसते अंक लिहा."

"पण मम्मी, खरंच आहे ना ते," लेक म्हणाली.

"खरं आहे म्हणून तर नको."

त्यांनी मान हलवली. अंक त्यांच्या खोक्यात भरताना मी विचारलं, "घेणारा वाचेल ना?" ते कसनुसं हसले. "उघडलं की किंमत उतरते, ताई."

मग का विकले, असं तू विचारशील. कागद पिवळा पडायला लागला होता, माझ्यामागं ते रद्दीतच गेले असते, असं मी सगळ्यांना सांगते. तुला खरं सांगते. राखण करून मी दमले होते. जो भाऊ मला नीट आठवतही नाही त्याच्यासाठी, न वाचता, न उघडता, नुसती पेटीची किल्ली जपून. लिलाव एका दुपारी झाला. मी कुरकुंभला कंपनीच्या लॅबमध्ये काम करते. त्या दिवशी रजा टाकली. फोनवर आकडा चढत होता, लेकीनं माझा हात धरला होता, आणि मला आनंदही झाला नाही आणि वाईटही वाटलं नाही. घेणाऱ्याचं नाव दिसत नाही, नुसता क्रमांक दिसतो. पैसे बँकेत आहेत. दादाचे फाटके अंक आता पेटीत नाहीत, बाहेर फडताळात आहेत. येणारी-जाणारी पोरं चाळतात. परवा एकानं घोड्याच्या मिशा बघितल्या आणि हसला.

हे मी कुणाला दाखवणार नाही. तुला वाचून दाखवायचं धाडस, तू असतीस तरी, झालं नसतं. म्हणून एक राहिलेलं लिहून टाकते. ते मासिक बंद पडलं त्या दिवसाचं. काका म्हणाले, "वहिनी, आता येनार न्हाई. छापायचंच बंद केलं त्यांनी." तू "बरं" म्हणालीस, काढलेले पैसे परत कमरेला खोचलेस आणि गाडीत बसलीस. तू रडली नाहीस. मीच घरी येऊन न्हाणीत रडले, इतकी की तू दार ढकलून आत आलीस, मला पोटाशी धरलंस आणि म्हणालीस, "उगी. दादाची लई आठवन येती ना?"

मी मान हलवली. पण मी दादासाठी रडत नव्हते, आई. महिन्यातून एक दिवस, शिरूर ते दौंड आणि दौंड ते शिरूर, तू माझ्या एकटीची असायचीस. तो दिवस संपला म्हणून रडत होते.