शीर, तमाचा, कंबर

आबा, लिहायला मी उशिरा शिकले, तोवर तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली होती. तलवाड्याच्या तालमीतले तुमचे शब्द मात्र मला अक्षरओळख नव्हती तेव्हापासून येतात. आई भाकरी थापत असायची आणि तुम्ही चुलीपुढं बसून माझ्या डोक्यावर बोट ठेवायचात, शीर. गालावर, तमाचा. कुशीवर, कंबर. शब्द पडला की एकानं तिथं लाठी मारायची, दुसऱ्यानं ढाल तिथं न्यायची. एका उन्हाळ्यात तुमचा घसा बसला तो बसलाच, आणि शब्द द्यायला तुम्ही मला उभं केलंत. दादा सगळ्यांसमोर हसला. "हिच्या शब्दावर मी नाचू व्हय?" तुम्ही घोगऱ्या आवाजात म्हणालात, "नाचशील. शब्द कुणाचा बी असू दे." मग मला जवळ घेऊन सांगितलंत, "एक वार पुरा झाल्याबिगर दुसरा शब्द द्यायचा न्हाई. ध्यानात हाय ना?"

गेवराईहून रुमी टोपीवाले तहसीलदार खेळ बघायला आले, त्या दुपारी मार लागू नये म्हणून लाठ्यांवर गुंडाळलेलं चामडं तुम्ही काढायला लावलंत. दादा आणि तुमचा थोरला पठ्ठ्या समोरासमोर. मी म्हणते, कंबर. दादाची ढाल खाली जाते. लगेच मी म्हणते, शीर. पठ्ठ्याचा हात शब्दाला सरावलेला, तो थांबत नाही. दादा मातीत बसतो, जणू दमलाय. तिसऱ्या दिवशी तो गेला.

आईनं विचारलं, "कावून म्हणालीस गं?" मी तोंड उघडायच्या आत तुम्ही म्हणालात, "मीच खूण केली तिला. चूक माझी हाय." तुम्ही खूण केली नव्हती. तालीम बंद झाली. शीर हा शब्द पुन्हा तुमच्या तोंडून निघाला नाही; पुढं डोकं दुखलं तरी तुम्ही नुसतं कपाळ दाबून बसायचात. शेवटच्या आजारात माझा हात धरून एवढंच म्हणालात, "ल्हान होतीस. घाई झाली तुला."

अजूनही घरात एकटी असले की मागून तुमचा घोगरा आवाज येतो, शीर. माझा हात आपोआप डोक्यावर जातो. मी वळून बघत नाही.

हे पत्र कुठं पाठवणार? पण घाई झाली नव्हती, आबा. माझ्या शब्दावर दादाला एकदा लागलेलं मला बघायचं होतं.