बाकीचा रकाना

१२ जानेवारी, सोमवार

हरले. तेही माझ्याच घरात, माझ्याच सोफ्यावर बसून!

संजीव सरांचा नियम असा, की आयडिया बँडनं निवडायची, पण कागदावर नाव लिहायचं नाही. 'क्लायंटला तुमची तोंडं दिसता कामा नयेत.' बरं. आमचा क्लायंट कोण, तर मानसदादा. माझा सख्खा भाऊ! दिवसा पलासियाला विम्याच्या ऑफिसात टाय लावून बसतो, संध्याकाळी 'जीरावन' बँडमध्ये गातो (हो, पोह्यांवर भुरभुरतात त्या मसाल्याचंच नाव). कॉलेजात प्रत्येक जोडीनं एकेका लोकल रॉक बँडचा व्हिडिओ करायचा आहे. आमच्या जोडीला बँड मिळवून दिला मी. माझी जोडीदार मिताली, तिच्या ओळखीत तर लग्नातला बँडवालाही नाही.

दोन कागद – एक माझा, एक मितालीचा. दादानं माझा आधी वाचला आणि चक्क हसला. 'पलासियाच्या ट्रॅफिकमध्ये मुलगी पळतेय, मागे गिटार घेऊन आम्ही... ये तो सब करते हैं यार! कोणी लिहिलंय?' मी पाणी प्यायला उठले.

मग दुसरा वाचला आणि लगेच पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचला. होळकरांच्या लालबाग वाड्याच्या मैदानातला मेळा संपून गेलाय, मोठा आकाशपाळणा बंद उभा आहे, पहाट आहे. बँडची चार पोरं चार वेगवेगळ्या पाळण्यांत, कोणीच कोणापर्यंत पोचत नाही. गाण्याचं नाव 'दोन चकरा'. मेळ्यात जिची वाट पाहिली ती आलीच नाही, म्हणून गाण्यातल्या पोरानं एकट्यानंच दोन चकरा मारल्या. 'हे. हेच करायचं,' दादा म्हणाला.

मिताली डायरेक्टर. मी रिसर्च आणि प्लॅनिंग. पाचवीपासून एका बाकावर बसलोय आम्ही, आणि पाचवीपासून हेच चालू आहे.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. मिताली तिळगूळ घेऊन आली. गोड बोलले. जमलं.

१७ जानेवारी, शनिवार

सरांनी फाइल सुरू करायला लावली. दोघींनी आपापली, रोज एक पान. तारीख, काय झालं, काय बाकी. शेवटी दोन्ही एकत्र लावून द्यायच्या, त्यालाच अर्धे मार्क. मी पहिल्या पानापासून पट्टीनं रकाने आखलेत. निदान इथे तरी मी पुढे!

बावीस व्हिडिओ पाहिले. कुठे बँड नुसता वाजवतो, कुठे गोष्ट आहे, कुठे दोन्ही. प्रत्येकातले शॉट मोजले. कॅन्टीनमध्ये तीस जणांकडून प्रश्नावली भरून घेतली. एकोणीस जणांना गोष्ट हवी, दहा जणांना बँड हवा, आणि एकानं 'व्हिडिओत काय पाहायला आवडेल' पुढे 'पोहे' लिहिलंय.

आठ पानं झाली. मितालीनं ती चहा संपेपर्यंत वाचली आणि एकाच ओळीवर बोट ठेवलं – ड्रमच्या ठोक्याच्या किंचित आधी कट केला तर नजर हलत नाही, ही ती ओळ. 'शमि, तू ये सब कैसे देख लेती है?'

संध्याकाळभर खूश होते. मग खूश होते याचाच राग आला.

२० जानेवारी, मंगळवार

आईनं मितालीला माझ्या निळ्या कपात चहा दिला.

२४ जानेवारी, शनिवार

लालबागला जाऊन आलो, जागा बघायला. मेळा जोरात आहे, धूळ, भोंगे, भुट्ट्याचा धूर. आकाशपाळण्याचं सगळं गजाननजी बघतात. साठीचे असतील. दुसऱ्याच वाक्याला सांगितलं – 'आमचे पणजोबा होळकरांच्या घोडदळात होते. मी झूले सांभाळतो. फरक इतनाच आहे की हे चारा नाही खात.'

मेळा एक तारखेला संपतो. पाळणा आठ तारखेपर्यंत उभा राहील, शुक्रवारी सहा तारखेला पहाटे शूट करा म्हणाले, माझी माणसं हातानं फिरवून देतील. मी सगळं लिहून घेतलं, परवानगीचा अर्ज दिला, माझा नंबर दिला. खाली मितालीनं स्वतःचाही लिहिला. काय गरज होती? प्लॅनिंग माझ्याकडे आहे ना!

आणि ती त्यांना त्यांच्या गुडघ्याबद्दल विचारत बसली. मला गुडघा दिसलाही नव्हता. निघताना ते म्हणाले, 'ये बिटिया बढ़िया है.' बिटिया दोन होत्या तिथे.

२८ जानेवारी, बुधवार

आमच्या मागच्या खोलीत प्रॅक्टिस. शूटिंगच्या वेळी गाणं दीडपट वेगानं लावायचं, दादानं त्या वेगानं ओठ हलवायचे, आणि नंतर चित्र हळू केलं की तो बरोबर गातो पण भोवतीचं सगळं तरंगल्यासारखं दिसतं. हे मी शोधलं. तीन रात्री वाचून. दादा ते वेगातलं 'दोन चकरा' म्हणताना असा दिसत होता की मुकुलच्या हातातून ड्रमच्या काड्याच पडल्या.

'मितू, जिनियस आहेस तू!' दादा ओरडला. मितू! मला तो अजून 'ए' म्हणतो.

'माझं नाही, शमिकाचं आहे,' मिताली म्हणाली. तोवर मुकुलनं वाजवायला सुरुवात केली होती. कोणी ऐकलं नाही. मी ऐकलं. ती तसं म्हणाली नसती तर बरं झालं असतं. तिच्यावर नीट चिडता तरी आलं असतं.

१ फेब्रुवारी, रविवार

हे कुठेतरी लिहायलाच हवं, म्हणून इथे लिहिते. मला तिची आयडिया आवडते. पहिल्या दिवसापासून आवडते. ती माझी का नाही? लालबागला मी तिच्याएवढीच गेलेय. मेळा उठताना मीही पाहिलाय. मला का नाही दिसलं ते?

३ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी एकटीच गेले होते, ऊन कुठून येतं ते बघायला. गजाननजी लांबूनच हात हलवत आले.

'बेटा, बरं झालं आलीस. उज्जैनचं बोलावणं आलंय अचानक. झूला उद्या खोलतोय, उतरवून तिकडे नेतोय. शुक्रवार भूल जाओ. पण एक करतो, उद्या सकाळी आठपर्यंत हात नाही लावत. तुम्ही लोक पहाटे येऊन जा, दो घंटे में निपटा लो. मितालीला सांगून दे हां.'

'हो जी. सांगते.'

गाडीवर बसले तेव्हा खरंच सांगणार होते. घरी पोचले तर मिताली आमच्या ओट्याशी उभी, आईबरोबर मटार सोलत. आई म्हणत होती, 'आमच्या शमिकाला जरा तुझ्यासारखं शांत राहायला शिकव गं.' दोघी हसल्या.

मी वर आले. फाइल काढली. आजच्या पानावर लिहिलं – लालबाग, शुक्रवार, कन्फर्म. बाकी – काही नाही.

पेनानं लिहिलं.

४ फेब्रुवारी, बुधवार

आठ वाजून गेले. मी खिडकीत ब्रश करत उभी होते. आता सांगूनही उपयोग नाही. हे मनात आलं आणि केवढं हलकं वाटलं! काय माणूस आहे मी.

संध्याकाळी मिताली आली. 'लालबागहून काही?'

'नाही.'

'पक्का?'

'पक्का म्हणजे पक्का. किती विचारशील?'

ती उठली. चहा अर्धा टाकून गेली. निळा कप मीच घासला.

५ फेब्रुवारी, गुरुवार

सगळ्यांना वेळापत्रक पाठवलं. पावणेसहा, लालबाग, स्वेटर आणा. स्वेटर आणा! माझी काळजी बघा.

मितालीचा तीनदा फोन. एकदा लेन्सबद्दल, एकदा मुकुलच्या गाडीबद्दल. तिसऱ्यांदा कशाबद्दलच नाही. 'अजून काही सांगायचंय का शमि?' जिभेवर आलं होतं. पण मागून दादा ओरडला, 'मितू आहे का? उसको बोल मैं काला वाला शर्ट ला रहा हूं.' मी म्हटलं, नाही, काही नाही. ठेवते.

दादानं उद्याची सुट्टी काढलीये. त्यासाठी दोन रविवार ऑफिसात बसला. आता काळ्या शर्टाला इस्त्री करतोय, कॉलर तीनदा केली. त्याच्याकडे बघवेना म्हणून वर येऊन हे लिहितेय. मितालीचं वाटोळं करायला निघाले आणि मध्ये दादा उभा आहे, हे मला आज कळतंय!

६ फेब्रुवारी, शुक्रवार

मैदान रिकामं. धुकं. पाळणा होता तिथे चार खड्डे आणि भोवती मेलेल्या पिवळ्या गवताचं गोल वळं. चार-दोन फुटके बल्ब, आइस्क्रीमच्या काड्या.

'झूला कहाँ है?' मुकुलनं विचारलं. दादानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले – 'गजाननजी तर म्हणाले होते...' आवाज बरोबर कापरा आला. मला स्वतःलाच खरा वाटला.

मी मितालीकडे बघत होते. रडेल, ओरडेल, निदान डोक्याला हात तरी लावेल. तिनं चारही खड्ड्यांभोवती एक चक्कर मारली. मग मुकुलच्या गाडीतून चार प्लास्टिकच्या खुर्च्या काढल्या. मला वाटलं होतं आम्हाला बसायला आणल्यात. एकेका खड्ड्याशी एकेक ठेवली, चार दिशांना तोंडं करून, एकमेकांकडे पाठ. 'झूला गेला तर गेला. बसा.'

चौघं बसले. मधोमध उभी राहून ती कॅमेरा सावकाश फिरवू लागली. पाळणा नाही, पण सगळं फिरतंय. दादा दीडपट वेगानं गात होता, 'तू आलीच नाहीस', आणि त्याच्यामागे इतकं मोठं रिकामं आकाश. मेळा संपलाय हे आता सांगावंच लागत नव्हतं. छोट्या स्पीकरवर ते गाणं किरट्या आवाजात पळत होतं आणि तरीही मला रडू आलं.

नंतर दादा तिला म्हणाला, 'झूल्यापेक्षा शंभरपट भारी!' मुकुल म्हणाला, 'भिया, ये तो गजब हो गया.' आणि मला आधी काय वाटलं असेल? सुटले? नाही. जळफळाट! सत्यानाश करायला गेले तर तोही तिच्या कामी आला!

शॉट संपल्यावर तिनं मला कागद दिला, पुढचे शॉट वाचून दाखव म्हणून. खुर्च्यांचा स्टोरीबोर्ड. बारा चौकटी, नीट रंगवलेल्या. इतक्यात कधी काढला, विचारावंसं वाटलं. विचारलं नाही.

७ फेब्रुवारी, शनिवार

दिवसभर एडिट. सरांनी दोनदा पाहिलं. म्हणाले, 'रिकामं मैदान ही कोणाची आयडिया?' मिताली म्हणाली, 'दोघींची.' माझ्याकडे न बघता म्हणाली.

८ फेब्रुवारी, रविवार

फाइली उद्या द्यायच्या, लावायचं काम माझ्याकडे. काल निघताना मितालीनं माझी वाचायला मागून नेली होती. आज दोन्ही आईजवळ देऊन गेली. वर आली नाही. आई म्हणाली, चहालाही थांबली नाही.

तिचे रकाने वाकडेतिकडे, पट्टी न लावता आखलेले. बुधवारचं पान – 'दुपारी गजाननजींचा फोन, तुम्ही लोक पहाटे आला का नाहीत? झूला खोलला. शमिकाला काल सांगितलं होतं म्हणतात. नवा स्टोरीबोर्ड काढला. मुकुलला खुर्च्या सांगितल्या. बाकी – शमिकानं सांगणं.'

गुरुवार. बाकी – शमिकानं सांगणं.

शुक्रवार. शूट झालं. बाकी – तेच.

शनिवार. एडिट झालं. बाकी – तेच.

सगळी फाइल पेनानं लिहिलेली आहे. गजाननजींचं ते माझ्याबद्दलचं वाक्य आणि या चार ओळी तेवढ्या पेन्सिलीनं. खोडल्या तर सरांना कळणारही नाही. खोडरबर तिनं क्लिपलाच अडकवून दिलंय.

तिच्या आजच्या पानावर फक्त तारीख आहे.

फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला.

'बोल,' ती म्हणाली.