मंगळवार आणि शुक्रवार, सकाळी नऊ चाळीस

टुंगविकच्या रहिवाशांनो,

आपल्या गावाची बस बंद होऊन चार वर्षे झाली. त्याचा राग तुमच्या मनात आहे, तसाच माझ्याही मनात आहे. जिल्हा परिषदेने आपल्याला न विचारता बस काढून घेतली, हे आपण दुकानाच्या रांगेत, चर्चच्या पायरीवर, डोंगरावरून मेंढ्या खाली आणताना एकमेकांना सांगत आलो. त्यात माझा आवाज सर्वांत मोठा होता. पण ती बस जाण्यात आपला स्वतःचा हात किती होता, हे आपण कधी बोललो नाही. ते मी इथे लिहिणार आहे.

हे माझे मृत्युपत्र आहे. बुधवार, १४ मे रोजी गावाच्या वार्षिक सभेत मी ते स्वतः वाचून दाखवीन. मृत्युपत्र मेल्यावरच वाचावे असा नियम मला कोणत्याही कायद्यात सापडला नाही, आणि मी शोधला आहे.

मी, बोर्गहिल्द नेसहाइम, वय एक्क्याऐंशी, अविवाहित, निवृत्त बसचालक. माझे डोके शाबूत आहे. डॉक्टरने गेल्या महिन्यात तपासून तसे लिहून दिले. डोळ्यांबद्दल मात्र त्याने वेगळे लिहिले. माझे लायसन्स ३० ऑगस्टला संपते आणि पुन्हा मिळणार नाही. मला मूलबाळ नाही, त्यामुळे माझ्या मालमत्तेवर कायद्याने कुणाचा राखीव हिस्सा नाही. पुढे जे लिहिले आहे ते मी कुणाच्या सांगण्यावरून लिहिलेले नाही. मला ओळखणाऱ्यांना हे वाक्य ऐकून हसू येईल, तर खुशाल हसावे.

कलम पहिले. माझी लाल डिझेल गाडी मी कुणालाही देत नाही. येत्या गुरुवारी मी ती स्वतः भंगारात नेणार आहे. हे काम मी अकरा वर्षांपूर्वी करायला हवे होते.

अकरा वर्षांपूर्वी याच सभागृहात मी उभी राहिले होते. गावात पहिली विजेची गाडी मी घेतली होती. कर माफ होता, फेरीबोटीला सवलत होती, आणि एकतीस वर्षे डिझेलच्या धुरात बस हाकल्यावर मला स्वच्छ हवेची किंमत कळत होती. मी पाऊण तास बोलले. वॅफल्स गार झाली, पण कुणी उठले नाही. मी म्हटले होते, "एक येईल, एक जाईल. विजेची घ्या आणि जुनी काढून टाका." तुम्ही टाळ्या वाजवल्या. आणि पहिला अर्धा भाग पाळला.

तेव्हा आपल्या अठ्ठेचाळीस घरांत, माझी विजेची सोडून, एकसष्ट गाड्या होत्या. सात वर्षांनी पंचाण्णव झाल्या. त्यांतल्या एक्केचाळीस विजेच्या होत्या. म्हणजे जुन्या गेल्या फक्त सात. उरलेल्या धान्यकोठारांत उभ्या राहिल्या. बर्फासाठी असू दे, ट्रेलर ओढायला असू दे, मुलगी सुट्टीत येते तिला असू दे. माझीही तिथेच उभी राहिली. मला ना मुलगी, ना ट्रेलर. मला ती आवडायची, एवढेच कारण.

मग जिल्हा परिषदेने गाड्या मोजल्या. दर घरामागे जवळजवळ दोन. अहवालात एकच ओळ होती: वाहनांचे प्रमाण पाहता सार्वजनिक सेवेची गरज उरलेली नाही. त्या अहवालावरच्या गावसभेत मी टेबलावर मूठ आपटली, तेव्हा टोरलाइव म्युरे उभा राहिला आणि म्हणाला, "बोर्गहिल्द, आता का ओरडतेस? सगळ्यांना गाड्या घ्यायला तूच लावलंस ना?"

मी म्हटले, "मी काढायलाही सांगितलं होतं!"

"मग तुझी कुठंय? कोठारात अंडी घालतेय?"

सगळे हसले. मी घरी आले आणि त्याच्याशी दोन वर्षे बोलले नाही. तो खरे बोलला होता, हे माझ्या रागाचे कारण होते.

विजेच्या गाडीचा दोष नाही, हे मी आजही ठासून सांगते. धूर गेला ते चांगलेच झाले. पण टोरलाइवकडे चार वाहने आहेत आणि एलिफ स्त्रांदेकडे एकही नाही. दोघांची सरासरी दोन. त्या सरासरीत बसून एलिफ दुकानात जाऊ शकत नाही.

कलम दुसरे. हे एलिफविषयी आहे. तो समोर बसलेला असेल आणि त्याला हे आवडणार नाही. एलिफ, माफ कर, पण बसून राहा.

एलिफ चौसष्ट वर्षांचा आहे. लहानपणापासून त्याला फिट येतात, म्हणून त्याला लायसन्स कधीच मिळाले नाही. वडिलांच्या घरात तो एकटा राहतो, चौदा मेंढ्या पाळतो, आणि आपल्या गायनमंडळात खालच्या सुरातला एकच भरवशाचा आवाज आहे, तो त्याचा. मी बस चालवत होते तेव्हा तो दर मंगळवारी आणि शुक्रवारी दुधाच्या जुन्या चौथऱ्यापाशी, जिथे पूर्वी डेअरीसाठी कॅन ठेवत त्या थांब्यावर, उभा असायचा. चढायचा, तिकीट काढायचा, माझ्या मागे बसून हवामान खात्याला शिव्या घालायचा.

बस गेल्यावर तो चालू लागला. दुकान आणि औषधाचे दुकान सात किलोमीटरवर आहे, म्हणजे जाऊन येऊन चौदा. पाठीवर पिशवी, अंगावर चकाकणारे जाकीट. आपण सगळ्यांनी त्याला पाहिले. आपल्याकडे रस्त्याने माणूस चालताना दिसला की तो तब्येतीसाठी निघाला आहे, असे आपण समजतो, आणि त्याच्या फिरण्यात व्यत्यय नको म्हणून थांबतही नाही. गायनमंडळात कुणीतरी म्हणालेही होते, "एलिफनं तब्येत काय कमावलीय! आपल्याला लाज वाटायला हवी." चार हिवाळे आपण त्याचे असे कौतुक केले.

या फेब्रुवारीत एका दुपारी पुलाच्या वळणावर तो मला बर्फाच्या ढिगावर बसलेला दिसला. बटाटे रस्त्यावर पसरले होते. मी गाडी थांबवली आणि काच खाली करून विचारले, काय विचारले ते लिहिताना मला आजही शरम वाटते, "काय एलिफ, फिरायला?"

"हो तर," तो म्हणाला. "दहा किलो बटाट्यांना हवा दाखवायला आणलं होतं."

त्याचे मनगट मोडले होते. त्याला गाडीत घेतले. दवाखान्याच्या वाटेवर मी विचारले, "किती वेळ बसला होतास?"

"नऊ गाड्या गेल्या एवढा वेळ."

"आणि एकही थांबली नाही?"

"लोकांनी हात हलवले. मीही हलवला. न हलवणं बरं दिसलं नसतं."

"अरे, मग थांबवायचं ना! मला फोन करायचास. चार वर्षं मी तुझ्या दारावरून जाते!"

त्याने मोडलेले मनगट मांडीवर नीट ठेवले. मग म्हणाला, "बोर्गहिल्द, तुझ्या बसमध्ये मी कधी विनंती करून चढलो का? बस यायची. मी चढायचो. मी नसलो तरी यायची. आता दर वेळी कुणाच्या तरी दयेची घंटी वाजवायची, आणि परत येताना आभार मानत बसायचं? त्यापेक्षा चालणं परवडतं."

मी पन्नास वर्षे भाषणे करते आहे. ग्रंथालयाच्या फिरत्या गाडीतली अर्धी पुस्तके मी वाचली आहेत. तरी हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळले.

त्यानंतर नगरपालिकेची बाई आली. चांगली होती, बोलायला नम्र होती. तिने शहरातल्या सेवानिवासात एलिफसाठी एक खोली राखून ठेवली आहे. मी तिथे बसले होते.

"खोलीत मेंढ्या मावतील का?" एलिफने विचारले.

"नाही हो."

"मग मी तरी कसा मावेन?"

ती हसली, पण तिचे म्हणणे बरोबर होते. औषध आणि अन्न आणण्याची पक्की सोय नसेल, तर पुढचा हिवाळा तो त्या घरात काढू शकत नाही. खोली २ जूनपर्यंत राखलेली आहे. एलिफने मला सांगितले आहे की त्या दिवशी तो सही करील. मेंढ्यांसाठी गिऱ्हाईकही त्याने विचारून ठेवले आहे. कुणावर ओझे व्हायचे नाही, हे तो आपल्याकडूनच शिकला आहे.

कलम तिसरे. म्हणून मी माझी विजेची गाडी, रस्त्यालगतचे कोठार आणि त्यातला चार्जर टुंगविक ग्रामसंघाला देते. माझ्या मृत्यूनंतर नव्हे, आजपासून. एक अट आहे आणि तिच्यात सूट नाही. ती गाडी दर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी नऊ चाळीसला माझ्या कोठारापासून निघेल, दुधाच्या चौथऱ्यापाशी थांबेल, दुकानापर्यंत जाईल आणि साडेअकराला परत निघेल. थांब्यावर कुणी असो वा नसो. रिकामी गेली तर रिकामी जाईल. कुणाला फोन करावा लागणार नाही आणि कुणाचे आभार मानावे लागणार नाहीत. जो कुणी "आज एलिफ येणार आहे का, नाहीतर कशाला जायचं?" असे विचारील, त्याला या मृत्युपत्रातला एक शब्दही समजलेला नाही.

बँकेतली माझी सगळी शिल्लक या गाडीचे टायर, विमा आणि विजेसाठी ठेवावी. त्यातून माझ्या अंत्यविधीच्या कॉफीचा खर्च वजा करावा. केक नको, तो नेहमी उरतो.

कलम चौथे. घर माझी भाची सिन्नोवे हिला. ती बर्गेनला राहते, तिच्याकडे गाडी नाही आणि त्याचा तिला अभिमान आहे. तिच्या दारासमोरून दर दहा मिनिटांनी ट्रॅम जाते. सिन्नोवे, घर विकायचे असेल तर विक, पण आधी एक जानेवारी आणि एक फेब्रुवारी इथे गाडीशिवाय राहा. मग मला मनात काय म्हणायचे ते म्हण. पुस्तके फिरत्या ग्रंथालयाला. त्यांतली सहा मुळात त्यांचीच आहेत.

कलम पाचवे. बस बंद झाली त्या आठवड्यात थांब्याचा फलक नाहीसा झाला होता. तो मी काढला. माझ्या पलंगाखाली आहे. तो मी टोरलाइव म्युरेला देते. टोरलाइव, आपण भांडत असतानाही दर हिवाळ्यात तू माझ्या दारातला बर्फ न सांगता काढलास, आणि मी पडद्याआडून पाहत राहिले, बाहेर आले नाही. ते चुकले माझे. आता तुझे ड्रिल घे आणि हा फलक चौथऱ्यापाशी बसव. सरळ बसव. तुझे कुंपण वाकडे आहे, ते मी रोज बघते.

कलम सहावे आणि शेवटचे. गाडी आहे, वीज आहे, वेळ ठरलेली आहे. चालक नाही. ऑगस्टपर्यंत मी आहे. त्यानंतर त्या चौथऱ्यापाशी मीही उभी असेन, आणि मी एलिफपेक्षा कमी सोशिक आहे.

आपण दुग्नादवर, म्हणजे गावाच्या श्रमदानावर, वाढलेले लोक आहोत. शाळेचे छप्पर, धक्क्याच्या फळ्या, दफनभूमीची भिंत, सगळे एकत्र येऊन फुकट केले, आणि जो आला नाही त्याला वर्षभर ऐकवले. हेही तसेच काम आहे. वर्षाला एकशे चार फेऱ्या. सव्वीस जण मिळाले तर प्रत्येकाच्या वाट्याला चार. ज्या गावात पंचाण्णव गाड्या आहेत, तिथे गाडी चालवता येणारी सव्वीस माणसे नाहीत, हे मला कुणी तोंडावर सांगून दाखवावे.

नगरपालिकेची बाई म्हणाली आहे की भरलेली यादी हातात पडली तर ती खोली दुसऱ्या कुणाला देईल. रांगेत लोक आहेत. यादी सभागृहाच्या दाराला आतून लावली आहे. पहिले नाव माझे आहे. पंचवीस ओळी रिकाम्या आहेत. आज घरी जाताना, कोट चढवण्याआधी, त्यांतल्या एका ओळीवर आपले नाव लिहा.

बोर्गहिल्द नेसहाइम
(स्वहस्ताक्षर)

आम्ही खाली सही करणारे दोघे एकाच वेळी या खोलीत हजर होतो. बोर्गहिल्द नेसहाइम यांनी हे आपले मृत्युपत्र असल्याचे आम्हाला सांगितले आणि आमच्यासमोर सही केली. त्या पूर्ण भानावर होत्या. यातून आम्हा दोघांना स्वतःला काहीही मिळत नाही, आणि आम्ही दोघेही टुंगविकचे नाही.

मारित ह्यूस, फिरत्या ग्रंथालयाची चालक
दागफिन ओर्दाल, निवृत्त फेरीबोट कप्तान

टुंगविक, रविवार, ४ मे २०२५