पट्टीखालची हवा

३ मार्च, सकाळी
प्रयोगशाळेत रंगकाम निघाल्याने लेकीचे संशोधन आमच्या जेवणाच्या टेबलावर आले आहे. केसाहून बारीक अशी धातूची पट्टी. वीज सोडली की तापते, वाढते, वाकते. वीज बंद केली की निवते व सरळ होते. तेवढ्याशा हालचालीवर औषधाचा थेंब सोडणारी झडप उघडायची आहे. शुक्रवारी परीक्षकांसमोर प्रात्यक्षिक. चालणारी पट्टी एकच उरली आहे. आम्ही कॉमर्सचे असलो, तरी उष्णता म्हणजे अखेर आवक-जावक. गुरुवारपर्यंत विषय आत्मसात करण्याचा निश्चय.

४ मार्च
पट्टी फार तापते, ही लेकीची चिंता. टेबलफॅन सुचवला. 'बाबा, एवढ्याशा वस्तूला वारा लागतच नाही. खालच्या फटीतली हवाच तिची उष्णता ओढून घेते,' असे तिने सांगितले. ऐकून घेतले. तरुणांना सोपे उपाय पटत नाहीत.

५ मार्च, दुपारी
मायक्रोस्कोपमधून पाहता पट्टीशेजारी धुळीचा कण आढळला. सौ.स दाखवला. 'तुम्ही लांब बसा,' एवढेच तिचे मत पडले.

६ मार्च, सायंकाळी
लेक आंघोळीस गेली. पट्टी चालूच होती. 'विजेच्या बटणाला हात लावायचा नाही,' ही तिची अट तंतोतंत पाळली. केवळ पट्टीच्या डबीवर काचेचे झाकण बसवून टेबलावरच्या तिच्याच पंपाने आतली हवा काढली. (पंपाचे बटण वेगळे आहे.) हवाच नसेल तर धूळ उडणार कशी? थर्मासमध्येही हीच युक्ती असते.
परिणाम तत्काळ! पट्टी कधी नव्हे इतकी सुरेख वाकली.
नंतर लाल झाली.
नंतर तुटली.

त्याच दिवशी, थोड्या वेळाने
लेक ओरडली नाही. ओरडली असती तर उत्तर तयार होते. 'बाबा, तिला निववणारी हवाच काढून घेतलीत हो,' म्हणाली आणि टेबल आवरू लागली. मी झाकण पुसून दिले.

७ मार्च
परीक्षक सज्जन असावेत; दोन महिन्यांची मुदत दिली. नवी पट्टी घडण्यास तेवढा अवधी लागतोच, म्हणजे तसे नुकसान काहीच नाही. लेक थेट खोलीत गेली. दाराशी उभा राहिलो. 'जेवतेस का?' विचारले. 'नको, बाबा.' ताट झाकून ठेवले. तसेच राहिले.

९ मार्च
मुक्काम मेहुण्यांकडे. प्रात्यक्षिक होईपर्यंत मी येथे राहावे, असे घरी माझ्या अनुपस्थितीत ठरले. या निवांतपणात उष्णतेचा अभ्यास पूर्ण करणार आहे. मेहुण्यांनी अगत्याने स्वागत केले. 'भाऊजी, घर आपलंच समजा. फक्त ताईनं सांगितलंय, कशाला हात लावायचा नाही.'
दुपारी तहान लागली. फ्रिजपाशी जाऊन उभा राहिलो आणि हाक मारली.