सरांची वही आणि माझं सॉफ्टवेअर

भोकरदन, मंगळवार, १४ नोव्हेंबर २०००

आज जेवण गेलं न्हाई. महिनाभर शोधून ते सॉफ्टवेअर जालन्याहून आणलं. किती टक्के पडलेले शेअर पाहिजेत ते सांगायचं, की लगेच यादी हजर. आज माझ्या कॉम्प्युटर क्लासात गाडेकर सरांना मोठ्या तोऱ्यात दाखवलं. शाळेत मला गणित त्यांनीच शिकवलं. रिटायर झाल्यापासून रोज पेपरातले शेअरचे भाव लाल पेन्सिलीनं वहीत उतरवतात.

यादीत सगळ्यात वर सरांचाच शेअर. एका दिवसात निम्मा! मी म्हणालो, "सर, जल्दी विकून टाका."

सर वही चाळत म्हणाले, "पुन्हा बघ रे. मी कायतरी लिहून ठेवल्तं."

"वही राहू द्या सर. कॉम्प्युटर चुकत न्हाई."

क्लासमधले सगळे हसले. मंग सरांनी माझ्याच फोनवरून दलालाला विकायला सांगितलं. नातीच्या शिक्षणासाठी ठेवलेले शेअर. जाताना वही टेबलावरच सोडली. "आता हिचं काय काम?"

संध्याकाळी उघडली. त्याच शेअरपुढं समासात लाल अक्षरं: ‘एकावर एक बोनस’. म्हणजे प्रत्येक शेअरमागं एक फुकट मिळणार, म्हणून भाव निम्मा. शेअर पडलाच नव्हता. सॉफ्टवेअरला काय माहीत? पण मी वहीत बघायला काय झाल्तं?

शाळेत सर चुकलेल्या गणितावर कधी काट मारायचे न्हाईत. लाल पेन्सिलीनं गोल करायचे आन् म्हणायचे, पुन्हा बघ रे.

आजही म्हणाले होते.